पहिलं पारंपरिक धनुष्य घेतेय, ४० पाउंडचं घेऊ का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. वय ३९, उंची ५ फूट ४ इंच, राहणार इंदिरानगर, नाशिक. २०२३ साली बर्लिनला आपली अदिती स्वामी आणि ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हापासून तिरंदाजी डोक्यात बसली आहे. पण मला त्यांच्यासारखं कंपाउंड धनुष्य नको. चाकं नको, साइट (नेम धरायची खूण) नको. धनुष्य, दोरी, बाण, बस. स्पर्धेत उतरायचं नाही, रविवारी सकाळी दोन तास मन लावून नेम मारायचा आहे.

जागा आहे. दिंडोरीजवळ भावाची द्राक्षबाग आहे, शेततळ्याच्या बाजूला मोकळा पट्टा पडलाय. बजेट सगळं मिळून १५ हजार. मनात तीन गोष्टी आहेत: ६२ इंची टेकडाउन रिकर्व्ह (सुटे भाग होणारं, टोकं पुढे वळलेलं), हॉर्सबो (घोडेस्वारांचं धनुष्य, दिसायला फारच देखणा) किंवा पेठ तालुक्याकडून करून घेतलेला बांबूचा कामठा, म्हणजे देशी धनुष्य. दुकानदार म्हणतो, "मॅडम, ४० पाउंडचंच घ्या, पुन्हा खर्च नको." मी जिमला जाते, अंगात ताकद आहे. घेऊ का ४०?

टूलरूमवाला

ताई, ४० घेऊ नका. धनुष्य कुठलं हा प्रश्न दुसरा, वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारी ताकद, किती हा पहिला.

मी अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो, आता निवृत्त आहे. मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही, म्हणून आधी माप. दोन्ही हात आडवे पसरा, मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंचात मोजा आणि अडीचने भागा. तुमच्या उंचीला ते ६४ च्या आसपास येईल, म्हणजे ड्रॉ लेंथ (तुम्ही दोरी किती ओढता ते माप) साधारण साडेपंचवीस इंच. धनुष्यावर लिहिलेले पाउंड मात्र २८ इंच ओढल्यावरचे असतात. प्रत्येक इंच कमी ओढलं की दोन-अडीच पाउंड उतरतात. त्यामुळे ४० चं धनुष्य तुमच्या हातात ३४-३५ चं होईल, आणि २५ चं साधारण २० चं. खात्री करायची तर बॅग मोजायचा लटकता काटा दोरीला अडकवून आपल्या मापापर्यंत ओढायचा. मी प्रत्येक धनुष्य असंच तपासतो.

आता म्हणाल, ३५ पाउंड म्हणजे १६ किलो, जिममध्ये एवढं सहज उचलते. पण कंपाउंडमध्ये पूर्ण ओढल्यावर चाकांमुळे बराचसा भार उतरतो. इथे तसं काही नाही. नेम धरायच्या नेमक्या क्षणी सगळा भार तीन बोटांवर आणि पाठीच्या दोन फऱ्यांमधल्या स्नायूंवर असतो, आणि जिममध्ये हे स्नायू या पद्धतीने क्वचितच वापरले जातात. वजन जास्त झालं की खांदा कानाकडे चढतो, मान आत जाते, आणि बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकायच्या आधीच दोरी सुटते. साइट नसलेल्या धनुष्यात ते बोट हीच तुमची मागची साइट. ते दर वेळी त्याच जागी टेकलं नाही, तर बाण कुठे का गेला याचा अर्थच लागत नाही. अशी सवय एकदा शरीरात मुरली की मोडायला फार वेळ जातो. हौसेने धनुष्य घेतलेली माणसं वर्षभरात ते माळ्यावर टाकतात, त्यामागे बहुतेक वेळा हे जादा पाउंडच असतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यांना वाटतं की आपल्याला जमत नाही.

दुकानात एक परीक्षा घ्या. धनुष्य उभं, खांद्याच्या उंचीला समोर धरून, आभाळाकडे न वळवता सरळ ओढा. ओठाच्या कोपऱ्याशी बोट टेकवून मनात दहा अंक मोजा. हात थरथरला तर ते धनुष्य आज तुमचं नाही. आणि ओढलेली दोरी बाणाशिवाय सोडायची नाही, हळूहळू परत मूळ जागी न्यायची. रिकामी सोडली तर सगळी ताकद लिंबमध्येच (धनुष्याच्या वरच्या-खालच्या पात्यांमध्येच) जिरते आणि धनुष्य तडकतं.

माझं मत: टेकडाउन रिकर्व्ह, २५ पाउंड. त्याचे लिंब स्क्रूने निघतात, पुढे ताकद वाढली की फक्त ३० चे लिंब घ्यायचे, रायझर (मधला मुठीचा भाग) तोच. दुकानदाराचं 'पुन्हा खर्च नको' इथे खरं ठरतं, पण हलक्याने सुरुवात केली तरच. हॉर्सबो मलाही आवडतो, पण त्यात बाण ठेवायला खाच नाही, तो मुठीवरून जातो. मूठ दर वेळी त्याच जागी बसवणं नवख्याला अवघड. ते दुसरं धनुष्य म्हणून घ्या.

बजेटमधला तिसरा हिस्सा बाण, फिंगर टॅब (बोटांना जपणारा तुकडा), आर्मगार्ड (हाताला दोरी लागू नये म्हणून) आणि स्ट्रिंगर (दोरी चढवायचं साधन) यांसाठी बाजूला ठेवा. पायात अडकवून दोरी चढवली की लिंब पिळतात, म्हणून स्ट्रिंगर हवाच. बाण पिसांचे घ्या. खाचेला घासताना पीस दबतं, प्लॅस्टिकचा पंख धक्का देऊन बाण वाकडा करतो. बाण किती वाकतो ते स्पाइनचा आकडा सांगतो; तो जितका मोठा तितका बाण लवचीक. तुमच्या २० पाउंडांना कार्बनचा १००० च्या आसपासचा, २८ इंच लांबीचा बाण चालेल. दर वेळी मारण्याआधी तो कानाजवळ धरून हलकेच वाकवून बघा. करकर ऐकू आली तर मोडून टाका. तडा गेलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याच्या चिपा हातात घुसतात.

पेठरोड

कामठ्याबद्दल दोन शब्द. आमच्या पेठ-सुरगाण्याकडे जुन्या माणसांच्या घरात तीरकामठा असायचा, त्याबद्दल मनात आदर आहे. आणि बांबू-लाकडाच्या धनुष्याला कमी समजू नका, 'इंडियन राउंड' हा त्याचा स्वतंत्र प्रकार आपल्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये असतो. पण करून घेतलेल्या कामठ्यावर पाउंड लिहिलेले नसतात. बांबू नीट वाळलेला नसेल तर दोन महिन्यांत ताण बदलतो. करणारा माणूस जवळ असेल, तुमच्यासमोर तासून वजन उतरवून देणार असेल, तर जरूर घ्या. काटा मात्र टूलरूमवाल्या काकांचाच लावा.

गोदाकाठची

टूलरूमवाले काका, मनापासून आभार. ४० रद्द. हात पसरून मोजले, बरोबर ६४ आले! पण आता नवीन पेच. नेम धरणारा डोळा कुठला हे बघायला दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून, दोन्ही डोळे उघडे ठेवून समोरच्या टाकीकडे बघितलं आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणले, तर ते डाव्या डोळ्यावर आले. लिहिते-जेवते उजव्या हाताने. मग?

टूलरूमवाला

हे घ्यायच्या आधी कळलं, छान झालं. तुम्हाला अजून कुठलीच सवय नाही, तेव्हा डोळ्याचं ऐका आणि लेफ्ट हँड धनुष्य घ्या. म्हणजे उजव्या हातात धरायचं, डाव्या हाताने ओढायचं, आणि बाणाची खाच रायझरच्या उजव्या अंगाला. दुकानात हे असंच पूर्ण वाक्यात सांगा, 'लेफ्ट हँड' म्हटल्यावर बरेच जण उलटं समजतात. पंधरवडाभर अवघडल्यासारखं वाटेल, मग डावा हात शिकतो. दोरी डेक्रॉनचीच (थोडी ताणणाऱ्या धाग्याची) मागा. साध्या लिंबच्या टोकांना न ताणणारी दोरी सोसत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये धनुष्य बंद गाडीत ठेवू नका. आपल्याकडच्या उन्हात आत भट्टी होते, लिंबचे थर सुटतात.

मोहाडीकर

बागाईतदार म्हणून एक सांगतो. ताई, बागेच्या ओळींच्या दिशेने बाण मारू नका. मांडवाच्या तारेला किंवा लोखंडी अँगलला लागला की कुठे उडेल नेम नाही, आणि ओळीत मजूर बाया वाकून काम करत असतात, लांबून दिसत नाहीत. शेततळ्याचा भराव पाठीला चांगला, पण टार्गेट भरावाच्या अगदी पायथ्याला लावा. वरून गेलेला बाण थेट तळ्याच्या प्लॅस्टिक कागदात घुसतो, आणि कागद फाटला तर पाण्याचं काय होतं हे भावाला विचारा.

टार्गेट विकत घेऊ नका. द्राक्षाचे खराब झालेले कोरुगेटेड बॉक्स उलगडून थर रचा, कडा समोर येतील असे उभे ठेवा आणि पॅकिंगच्या पट्टीने करकचून आवळा. २० पाउंडांचा बाण त्यात रुततो आणि निघतोही.

गोदाकाठची

बॉक्सचा ढीग शेडमध्ये पडलाय, भाऊ खूश होईल. लेफ्ट हँड, २५ पाउंड, डेक्रॉन, असं दुकानदाराला आत्ताच कळवलं. तो म्हणतो डाव्या हाताचं मागवावं लागेल, तीन आठवडे लागतील. काका, तोवर पाठीसाठी काही करता येईल का?

टूलरूमवाला

रबराचा व्यायामाचा पट्टा घ्या. आरशासमोर उभं राहून डाव्या हाताने ओठाच्या कोपऱ्यापर्यंत ओढा, खांदे खाली, दहा अंक, मग हळू सोडा. धनुष्य आलं की पाच-सहा मीटरवरून सुरुवात करा. १८ मीटरची घाई करू नका.