स्किझोफ्रेनियाच्या शुभार्थींचा संवादकौशल्य गट : खोलीत जमतं, बाहेर जमत नाही

भांडुप_ओटी

नमस्कार. मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका डे-केअर सेंटरमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या नऊ शुभार्थींचा (म्हणजे रुग्णांचा) गट आहे. वयं २२ ते ४८, सात पुरुष, दोन स्त्रिया, सगळे औषधांवर स्थिर. आठवड्यातून एकदा दीड तास बसतात. गटचालक एकच. विषय दर वेळी नवा : एकदा ओळख करून देणं, मग राग, मग नोकरीची मुलाखत.

तीन अडचणी आहेत. 'गप्पा मारा' म्हटलं की दोघंच बोलतात, बाकीचे मान खाली घालून बसतात. रोल-प्ले खोलीत बरा होतो, पण घरचे म्हणतात बाहेर काडीचा फरक नाही. आणि एक शुभार्थी पंधरा मिनिटांत उठून येरझारा घालायला लागतो, त्याच्यामागे आणखी दोघं उठतात. सत्राची बांधणी कशी करावी आणि कुठलं कौशल्य आधी घ्यावं? सामाजिक कौशल्य प्रशिक्षणाची चौकट माहीत आहे, मिनिटांचा हिशेब हवा आहे.

क्लिनिकल_परळ

'गप्पा मारा' हे आधी थांबवा. मोकळ्या गप्पांत माणसाला समोरच्याचं ऐकायचं असतं, धागा धरून ठेवायचा असतो, वाक्य जुळवायचं असतं आणि बोलायला फट शोधायची असते, सगळं एकाच वेळी. या आजारात लक्ष, ताजी स्मरणशक्ती आणि विचाराचा वेग यांनाच मार बसलेला असतो. वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मान खाली घालणाऱ्यांना बोलायचं नसतं असं नाही, त्यांची गाडी चुकते.

आता हिशेब. एका शुभार्थीचा सराव एक मिनिट, त्यावर फीडबॅक दीड मिनिट, लगेच दुसऱ्यांदा तोच सराव एक मिनिट, पुन्हा फीडबॅक दीड मिनिट. झाली पाच मिनिटं. नऊ जणांची पंचेचाळीस. मागचा गृहपाठ ऐकायला दहा, आजचं कौशल्य सांगून करून दाखवायला दहा, नवा गृहपाठ द्यायला पाच. बेरीज सत्तर मिनिटं, तीही सगळं सुरळीत चाललं तर. तेवढा वेळ या गटाचं लक्ष टिकत नाही. म्हणून दोन गट करा, पाच आणि चार जणांचे. प्रत्येकी पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं, आठवड्यातून दोनदा. मनुष्यबळ नसेल तर दोन्ही गट आठवड्याला एकेकदाच घ्या, पण दीड तासाची एकच बैठक मोडा. सात दिवसांच्या खंडात शिकलेलं पुसलं जातं, त्यामुळे मधल्या दिवशी निदान पंधरा मिनिटांची उजळणी ठेवा.

गटचालक मात्र दोन हवेतच. एकजण प्रसंगात समोरचं पात्र होतो, दुसरा बाकीच्यांकडे बघतो आणि सराव करणाऱ्याच्या मागे उभा राहून लागेल तेव्हा हळूच शब्द पुरवतो. समाजकार्याचे विद्यार्थी फील्डवर्कला येतात, त्यातला एक दोन आठवड्यांत तयार होतो.

क्रम असा ठेवा : हे कौशल्य कशाला हवं ते गटाकडूनच काढून घ्यायचं, तीन-चार पायऱ्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायच्या, मग दोन्ही गटचालकांनी तो प्रसंग करून दाखवायचा. त्यानंतर विचारायचं, 'पहिली पायरी दिसली का? कुठे दिसली?' सरावाला पहिला तो घ्यायचा ज्याला थोडंफार जमतं. गप्प बसणाऱ्याला तिसरा किंवा चौथा घ्या, तोवर त्याने तोच प्रसंग चार-पाच वेळा पाहिलेला असतो.

सगळ्यात जास्त चुका फीडबॅकमध्ये होतात. 'छान!', 'मस्त!' यातून त्याला काही कळत नाही. 'तुमचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत आला', 'तुम्ही बोलण्याआधी त्यांच्याकडे पाहिलंत' असं दिसलेलं, ऐकू आलेलं सांगा. कौतुक आधी, आणि तेही गटातल्या दुसऱ्या शुभार्थीकडून काढून घ्या. मग सुधारणा फक्त एक. आवाज, नजर, शब्द तिन्ही बिघडले असले तरी एकच निवडायची आणि दुसऱ्या सरावात तेवढंच बघायचं. दोन सुधारणा सांगितल्या की दुसरा सराव पहिल्याहून वाईट होतो.

कौशल्यांत आधी समोरच्याचं ऐकणं, मग विनंती करणं, मग चांगलं वाटलं ते सांगणं, आणि चौथ्या जागी न आवडलेलं सांगणं. प्रत्येकाला तीन-चार सत्रं. राग दुसऱ्याच बैठकीत घेतला तर माणूस घरातलं खरं भांडण घेऊन येतो, आणि ते पेलायला गट अजून तयार नसतो. मुलाखत तर फार पुढची. पूर्ण फेरीला सहा महिने धरा.

सुरुवातीला व्हिडिओ काढू नका. संशयाची लक्षणं थोडी जरी शिल्लक असली तरी मोबाईलचा कॅमेरा दिसला की माणूस पुढच्या वेळी येत नाही.

पीएसडब्ल्यू_सेंट्रललाईन

बाहेर फरक का पडत नाही, यावर. प्रसंग बहुधा कुठल्याच गावाचे नसतात. 'एका अनोळखी व्यक्तीशी संवाद साधा' असा प्रसंग मुंबईत कुणाच्या आयुष्यात येतो? आठवडाभरात शुभार्थी कुठे जातो, कुणाशी बोलावं लागतं ते विचारून घ्या आणि प्रसंग तिथून उचला : मेडिकलवाल्याकडे गोळ्यांची पट्टी मागणं, शेअर रिक्षात 'जरा सरकता का' म्हणणं, ओपीडीत केसपेपरच्या खिडकीवर नंबर विचारणं, सोसायटीच्या वॉचमनला पार्सल आलंय का विचारणं.

एक उदाहरण सविस्तर देतो. दादरला स्लो लोकलमध्ये चढलात, ठाण्याला जायचंय, बसायला जागा हवी. पायरी एक : बसलेल्या माणसापासून हातभर अंतरावर उभं राहायचं. दोन : त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचं, तो मोबाईलमध्ये असेल तर 'काका' म्हणून थांबायचं. तीन : 'कुठे उतरणार?' चार : तो 'घाटकोपर' म्हणाला तर 'मग मी बसतो' असं सांगून तिथेच थांबायचं, 'ठाणे' म्हणाला तर 'बरं' म्हणून पुढच्याला विचारायचं.

खोलीत चार खुर्च्या समोरासमोर दाटीने मांडा, मोबाईलवर लोकलचा आवाज लावा, दोघांना मध्ये उभं करा. शांत खोलीत पुरणारा आवाज इथे पुरत नाही, हे त्याचं त्यालाच कळतं. नकाराचा सराव मुद्दाम करून घ्या. समोरच्याने नुसती मान हलवली, उत्तरच दिलं नाही, तर? हे खोलीत झालेलं नसेल तर गाडीत पहिल्या नकारालाच 'लोकांना माझ्याबद्दल कळलंय' असा अर्थ लागतो आणि सराव तिथेच संपतो.

भाषेकडे बहुतेक गट दुर्लक्ष करतात. सराव मराठीत होतो आणि बाहेर दुकानदार, रिक्षावाला हिंदीत बोलतो. तोच प्रसंग मराठीत एकदा, हिंदीत एकदा करा. 'भैया, ये गोली की एक पट्टी देना' हे तोंडात बसलेलं असलं पाहिजे.

नजरेला नजर देण्याबाबतही विचार करा. परदेशी पद्धतीत नजर रोखण्यावर भर असतो. आपल्याकडे थोरांकडे टक लावून बघणं उद्धटपणाचं ठरतं, आणि बाईने गाडीत परक्या पुरुषाकडे तसं बघणं धोक्याचंही होऊ शकतं. भुवयांच्या मध्ये दोन-तीन सेकंद पाहायचं, मग नजर काढायची, इतकं शिकवलं तरी चालतं. तुमच्या गटातल्या दोघींसाठी प्रसंग वेगळे घ्या, त्यात ठामपणे नकार देणं आणि डबा बदलणं हेही येऊ द्या.

गृहपाठ चिठ्ठीवर लिहून द्या : काय, कुठे, कुणाशी, कोणत्या दिवशी. 'या आठवड्यात लोकांशी बोला' हा गृहपाठ होत नाही. 'बुधवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात अर्धा लिटर दूध मागायचं आणि पैसे किती झाले ते विचारायचं' हा होतो. पहिले दोन गृहपाठ गटचालकाने सोबत जाऊन करून घ्यावेत. केला नसेल तर कारण विचारून तोच प्रसंग खोलीत पुन्हा करायचा, बोल लावायचा नाही.

आणि एका प्रश्नाला पूर्ण दोन सत्रं द्या : 'सध्या काय करतोस?' लग्नात, गणपतीत, लिफ्टमध्ये हा प्रश्न येतोच. याच भीतीने कित्येक शुभार्थी कार्याला जाणं बंद करतात. प्रत्येकाने आपलं एक खरं, छोटं उत्तर ठरवायचं. 'तब्येत बरी नव्हती, आता सेंटरला जातो, तिथे काम शिकतोय. तुम्ही कसे आहात?' उत्तराच्या शेवटी उलट प्रश्न हवाच, त्याने चेंडू समोरच्याकडे जातो. आजाराचं नाव सांगायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. गटाने कुणावर लादू नये.

मनोविकार_निवासी

येरझारा घालणाऱ्याला शिस्त लावण्याआधी त्याच्या डॉक्टरांना कळवा. बसल्या जागी पाय सतत हलणं, उभं असताना या पायावरून त्या पायावर भार टाकणं, 'आतून तळमळ होते' असं म्हणणं ही लक्षणं असतील तर तो औषधाचा परिणाम असू शकतो, त्याला अकाथिसिया म्हणतात. औषध नवीन सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर जास्त दिसतो. याला आजार वाढला असं समजून डोस आणखी वाढवला तर तळमळही वाढते. डोस कमी करणं, औषध बदलणं किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी जोडणं हे डॉक्टर ठरवतील. घरी कुणी परस्पर गोळी बंद करू नये. तोवर त्याला दाराजवळची खुर्ची द्या आणि उभं राहून भाग घेण्याची मुभा गटासमोर जाहीर करा, म्हणजे बाकीच्यांना उठायचं कारण उरत नाही.

तसंच निर्विकार चेहरा आणि एकसुरी, बारीक आवाज. हे आजाराचं नकारात्मक लक्षण (भावना, बोलणं, उत्साह ओसरणं) असेल, औषधाने आलेला कंपवातासारखा ताठरपणा असेल किंवा नैराश्यही असेल. चालताना हात हलत नाहीत, मनगट वाकवताना अडखळतं, असं दिसलं तर आधी तपासणी. क्लोझापिन हे औषध घेणाऱ्या अनेकांच्या तोंडातून लाळ गळते, त्या लाजेने ते तोंड उघडत नाहीत. रुमाल जवळ ठेवायला सांगा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी दहापर्यंत राहते, म्हणून सत्र साडेअकराच्या पुढे ठेवा. तेव्हा गाड्यांची गर्दीही ओसरलेली असते. रविवार नको, मेगाब्लॉकमध्ये निम्मा गट पोहोचत नाही.

शुभंकर_मुलुंड

घरच्यांसाठी दोन ओळी लिहाव्याशा वाटतात. ओपीडीत डॉक्टर शुभार्थीला विचारतात, 'झोप कशी आहे?' आणि उत्तर आई देते. दुकानात, फोनवर, पाहुण्यांसमोर हेच. प्रेमापोटीच होतं, पण गटात जे शिकवलं ते वापरायची जागाच उरत नाही. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. दहा सेकंद फार लांब वाटतात, पण उत्तर बरेचदा सातव्या-आठव्या सेकंदाला येतं.

'बोल ना, का बोलत नाहीस' हे टोचणं बंद करावं. आणि गृहपाठाची चिठ्ठी फ्रिजवर चिकटवा, म्हणजे घरातल्या सगळ्यांना दिसेल. दूध आणायचं काम त्याचं असेल तर ते त्या दिवशी दुसऱ्या कुणी आणू नये, चहाला उशीर झाला तरी चालेल.

भांडुप_ओटी

मनापासून आभार. दोन गट करतो, डॉक्टरांना आजच कळवतो. एक राहिलं : फरक पडतोय हे मोजायचं कसं? आणि संस्थाचालक विचारतात, याला पुरावा किती?

क्लिनिकल_परळ

पुरावा आहे तसा सांगा, फुगवू नका. २००८ मध्ये सामाजिक कौशल्य प्रशिक्षणाच्या २२ तुलनात्मक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. आकडे परिणामाच्या आकाराचे आहेत, साधारण ०.२ लहान, ०.५ मध्यम, ०.८ मोठा. शिकवलेलं किती आलं, या मापावर परिणाम मोठा होता, १.२०. समाजातल्या वावरावर मध्यम, ०.५२. नकारात्मक लक्षणांवर ०.४०, आणि आजार उलटण्यावर थोडाच, ०.२३. ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शिका हे प्रशिक्षण सरसकट द्यायला नको म्हणते. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनची २०२० ची मार्गदर्शिका, सामाजिक वावर सुधारणं हेच ज्याचं उद्दिष्ट आहे त्याच्यासाठी ते सुचवते. तेव्हा संस्थाचालकांना सांगा की हा गट औषधाला पर्याय नाही आणि आजार उलटणार नाही याची हमीही नाही. लोकांत वावरायला हात मात्र मिळतो.

मोजायचं तर आयडियाज वापरू नका. ते अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीचं माप आहे, महिन्या-दोन महिन्यांचा बारीक फरक त्यात दिसत नाही. गट सुरू होण्याआधी प्रत्येकाकडून तीन ठरावीक प्रसंग करून घ्या. नजर, आवाज, शब्द, समोरच्याला प्रतिसाद, प्रत्येकाला ० ते ३ गुण. गुण देणारा गटाबाहेरचा असावा. तेच प्रसंग तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा घ्या, शिवाय एक प्रसंग असा ठेवा जो गटात कधीच शिकवलेला नाही. बाहेरचा फरक मोजायला दोनच आकडे पुरतात : दिलेल्या गृहपाठांपैकी किती झाले, आणि आठवड्यात घरच्यांखेरीज किती जणांशी बोलणं झालं. दुसरा आकडा दर शुक्रवारी शुभार्थीलाच वहीत लिहू द्या. घरच्यांनी वेगळा लिहावा, आणि दोन्हींत फार तफावत आली तर चुकलं कुणाचं हे शोधण्याआधी, 'बोलणं' कशाला म्हणायचं ते दोघांना एकत्र बसवून ठरवून घ्या.