ऑनलाइन एफडीपी कॅसला धरूच नयेत?

काठावरचा:
शेजारच्या धाग्यावर एका ज्येष्ठांनी लिहिलंय की ऑनलाइन एफडीपी (प्राध्यापकांसाठीचे प्रशिक्षण कोर्स) करणारे प्राध्यापक कॅमेरा बंद करून घरकामं उरकतात, म्हणून कॅससाठी (प्राध्यापकांच्या टप्प्याटप्प्याच्या बढतीसाठी) फक्त समक्ष रिफ्रेशर (विषयाचं ज्ञान ताजं करणारा कोर्स) धरावा. तिथे चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

२०१८ च्या यूजीसी नियमावलीत लेव्हल १० वरून ११ ला (सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या वेतनपातळीवरून पुढच्या) जायला २१ दिवसांचं ओरिएंटेशन (शिकवण्याच्या पद्धतींचा कोर्स) लागतं. शिवाय रिफ्रेशर, आठवड्याचा एफडीपी किंवा ई-प्रमाणपत्रासह एक मूक (MOOC, म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन कोर्स), यांपैकी काहीतरी एक. आता तालुक्याच्या कॉलेजातला दोन माणसांचा विभाग घ्या. सहायक प्राध्यापकाचा वर्कलोड आठवड्याला १६ तास. एक जण दोन आठवडे रिफ्रेशरला गेला की ३२ तास दुसऱ्याच्या डोक्यावर, स्वतःचे आहेत ते वेगळेच. इतिहासाचे तास भूगोलवाल्याला देता येत नाहीत. सेमिस्टर १५ आठवड्यांचं, त्यातले दोन गेले तर अभ्यासक्रम कुठे पुरा करायचा? ऑनलाइनची सोय आहे म्हणून या लोकांचं प्रमोशन निघतंय. ती काढून घ्या म्हणणाऱ्यांनी आधी टाइमटेबल लावून दाखवावं.

जुना खडू:
ते ज्येष्ठ म्हणजे मीच, आणि शब्द मागे घेत नाही. ऑनलाइन कोर्सचा दिवस कसा जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. दीड-दीड तासाची चार सत्रं, शंभरावर माणसं जोडलेली. हजेरीचा फॉर्म सत्राच्या शेवटच्या पाच मिनिटांत चॅटमध्ये पडतो आणि दुसऱ्या मिनिटाला ती लिंक व्हॉट्सॅप ग्रुपवर असते. शेवटच्या दिवशीच्या बहुपर्यायी चाचणीची उत्तरंही त्याच ग्रुपवर येतात. फीडबॅक भरला की प्रमाणपत्र मेलवर. यात शिकवण्याचं काय सुधारलं?

पूर्वी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजात (प्राध्यापकांच्या प्रशिक्षण केंद्रात) ओरिएंटेशन चार आठवड्यांचं आणि १४४ तासांचं असे, रिफ्रेशर तीन आठवड्यांचा आणि १०८ तासांचा. मायक्रोटीचिंगला दहा-पंधरा मिनिटं उभं राहून शिकवायचं आणि समोर बसलेले सहकारी तोंडावर सांगायचे की तुम्ही फळ्याशी बोलताय, वर्गाशी नाही. हे कॅमेरा बंद असताना कोण सांगणार?

मोजपट्टी:
खडूकाका, मायक्रोटीचिंगचं पटलं. पण समक्ष कोर्सलाही बाकीचे दिवस व्याख्यानंच असतात: एनईपी (नवं शैक्षणिक धोरण), ताणतणाव व्यवस्थापन, मूल्यशिक्षण आणि पुन्हा एनईपी. माध्यम बदलून काही होत नाही, काम बदलावं लागतं.

उदाहरणार्थ उत्तरपत्रिका तपासणी. एकाच दहा गुणांच्या प्रश्नाची दहा उत्तरं झेरॉक्स करून नावं झाकायची. वीस प्राध्यापकांनी एकमेकांशी न बोलता तपासायची. मग सगळ्यांचे गुण फळ्यावर मांडायचे. एकाच उत्तराला कोणी ३ दिलेत, कोणी ८. भांडण होतं, झालंच पाहिजे. त्यातून ठरवायचं की व्याख्येला किती, आकृतीला किती, उदाहरणाला किती आणि चुकीच्या निष्कर्षाला किती वजा. ती गुणयोजना हातात घेऊन दुसरी दहा उत्तरं तपासायची आणि फरक किती कमी झाला ते पाहायचं. अडीच-तीन तासांचं काम. पण फक्त पहिला भाग करून चहाला सोडलं की वाया गेलं, कारण सुधारणा दिसते ती दुसऱ्या फेरीत. कॅसच्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही, म्हणून कोणी घेत नाही.

सडाफटिंग:
कोर्स चांगला की वाईट हे नंतर. सोडतंय कोण? नियमावलीत अशा कार्यक्रमांसाठी वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवस ड्युटी लीव्ह (कामावर असल्यासारखी धरली जाणारी रजा) देता येते, आणि या 'देता येते'वरच सगळं अडतं. अर्ज केला की प्राचार्य म्हणतात नॅक (कॉलेजचं मूल्यांकन) आहे, परीक्षा आहेत, सुट्टीत करा. सुट्टीतल्या बॅचेस आधीच भरलेल्या.

आणि उशीर झाला की नुकसान कुणाचं? अट ज्या दिवशी पूर्ण होईल त्या दिवसापासून प्रमोशन. बाकी सगळं जुलैत पूर्ण, पण कोर्स नोव्हेंबरात संपला, तर तारीख नोव्हेंबरची. तेवढ्या महिन्यांचा पगारातला फरक गेला. पुढच्या लेव्हलची वर्षंही त्याच तारखेपासून मोजतात, म्हणजे हा उशीर शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.

खुर्चीवरून:
प्राचार्यांना झोडपणं सोपं आहे. भरती वर्षानुवर्षं रखडलेली, एका विभागात एकच पूर्णवेळ माणूस. त्याला सोडलं की पालक केबिनमध्ये. ज्यांना जायचंय त्यांनी जूनमध्येच, टाइमटेबल लागायच्या आधी लेखी कळवावं, सोबत तासांची अदलाबदल कोण करणार त्याच्या सह्या जोडाव्यात. निवड झाल्याचा मेल घेऊन आदल्या आठवड्यात येणाऱ्यांसाठी कुणाचाही वर्ग मी रिकामा ठेवणार नाही.

सडाफटिंग:
निवडीचा मेलच आदल्या आठवड्यात येतो हो! जूनमध्ये कुठल्या तारखा कळवायच्या?

तासिकावाली:
तुम्ही सगळे ड्युटी लीव्हवर भांडताय. सीएचबीवाल्यांना (तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना) लीव्हच नाही. तास घेतला तर पैसे, कोर्सला बसलो तर तेवढे तास बुडाले. वर नोंदणी शुल्क खिशातून. २०२४-२५ पासून संलग्नित कॉलेजांत एनईपीचे व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), ओई (खुला ऐच्छिक विषय), आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली) आले. ते पेपर बऱ्याच ठिकाणी आमच्याच गळ्यात मारलेत, आणि त्यांचं प्रशिक्षण कुणाला? पूर्णवेळवाल्यांना, कारण त्यांना कॅस आहे. ज्यांना प्रमाणपत्राचा उपयोग त्यांना प्रशिक्षण, ज्यांना वर्गात जाऊन शिकवायचंय त्यांना काही नाही. यावर एका ओळीचं तरी उत्तर द्या कुणीतरी.

जुना खडू:
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यासाठी ऑनलाइन ठेवावं लागेल, हे मान्य. पण पूर्णवेळवाल्यांच्या बाबतीत मान्य करायला मी तयार नाही. त्यांना पगारी रजा घेऊन जाता येतं.

मोजपट्टी:
मग मधला मार्ग घ्या. व्याख्यानं ऑनलाइन, आणि शेवटचे तीन दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी समक्ष: एक दिवस तपासणी, एक दिवस प्रश्नपत्रिका, एक दिवस मायक्रोटीचिंग. बॅच तीसची, त्याहून मोठी नको, कारण पंधरा मिनिटांप्रमाणे तिसांचं शिकवणं पाहायलाच साडेसात तास लागतात.

काठावरचा:
तीन दिवसांचे तास एकमेकांत वाटून घेता येतात, तेवढं जमेल. पण हे होईपर्यंत ज्यांची फाइल यंदा जायची आहे त्यांनी प्रमाणपत्रावर पाच गोष्टी बघा: सुरुवात-शेवटच्या तारखा, एकूण दिवस, एकूण तास, आयोजक संस्था आणि स्वतःच्या नावाचं स्पेलिंग. आठवड्याचा एफडीपी म्हणजे किमान पाच दिवस. 'साप्ताहिक' छापलंय आणि तारखा चारच दिवसांच्या, अशी प्रमाणपत्रं फिरताहेत. तारखा मूल्यमापन कालावधीच्या आत हव्यात आणि दोन कोर्सच्या तारखा एकमेकांवर चढलेल्या नकोत. कॅसच्या फाइली तपासणाऱ्या कॅम्पमध्ये फाइल सर्वात आधी तिथेच अडते.

खुर्चीवरून:
आणि ड्युटी लीव्हच्या आदेशाची प्रत. ती मागायला सगळे कोर्स संपल्यावर येतात.

सडाफटिंग:
आदेश आधी काढला असता तर मागावी लागली नसती.