‘ब्लाइंड’, ‘कलर’ आणि ‘हात’: होल्डेम पोकरच्या नियमांतील काही शब्द

प्रश्न

टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकाराचे प्राथमिक नियम मराठीत लिहून काढण्याचे काम मी हाती घेतले आहे. तीन पत्ती, रमी किंवा ब्रिज खेळणाऱ्या मंडळींना ते वाचून पैशांविना, चिंचोक्यांवर डाव मांडता यावा, एवढाच हेतू आहे. अडचण अशी की ‘ब्लाइंड’, ‘कलर’, ‘हात’, ‘पॅक’, ‘पास’ हे शब्द वाचकांना आधीपासून ठाऊक आहेत. परंतु या खेळात त्यांचे अर्थ तेच राहतात की बदलतात, याविषयी आमच्यात एकमत होत नाही. शिवाय सर्वांसाठी मध्यभागी उघडल्या जाणाऱ्या पाच पत्त्यांना ‘सामूहिक’, ‘सामुदायिक’ की ‘सामायिक’ म्हणावे? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

पहिले उत्तर

शेवटच्या शंकेपासून आरंभ करतो, कारण होल्डेमचा गाभा तोच आहे. ‘सामूहिक’ हा शब्द आपण अनेकांनी मिळून केलेल्या कृतीसाठी वापरतो, जसे सामूहिक शेती किंवा सामूहिक प्रार्थना. ‘सामुदायिक’ म्हटले की विवाहसोहळा डोळ्यांपुढे येतो. ‘सामायिक’ मात्र एकाच वस्तूवर अनेकांचा हक्क असल्याचे सांगतो: सामायिक विहीर, सामायिक भिंत, सातबाऱ्यावरील सामायिक क्षेत्र. सामायिक विहिरीचे पाणी प्रत्येक जण आपापल्या शेताला देतो. होल्डेममध्येही मधले पाच पत्ते सर्वांचे असले तरी प्रत्येक खेळाडू ते केवळ स्वतःच्या दोन झाकलेल्या पत्त्यांशी जुळवून पाहतो. म्हणून ‘सामायिक पत्ते’ हाच शब्द मला योग्य वाटतो.

हे पाच पत्ते एकदम उघडत नाहीत. प्रत्येकाला दोन पत्ते वाटून झाले की रक्कम लावण्याची पहिली फेरी होते. त्यानंतर तीन पत्ते एकत्र उघडतात, त्यांना फ्लॉप म्हणतात. पुढे एक, तो टर्न. आणि शेवटी आणखी एक, तो रिव्हर. प्रत्येक टप्प्यानंतर एक, अशा एकूण चार फेऱ्या होतात. फ्लॉप, टर्न आणि रिव्हर ही विशेषनामेच समजावीत. ‘वळण’ आणि ‘नदी’ लिहिल्याने कोणाचेही भले होणार नाही. प्रत्येक टप्प्यापूर्वी गड्डीवरचा एक पत्ता न पाहता बाजूला ठेवतात. वरच्या पत्त्यावर खूण असेल किंवा तो कोणाच्या नजरेस पडला असेल, तर त्याचा लाभ कोणाला मिळू नये, यासाठी ही काळजी आहे. इंग्रजीत याला जाळणे म्हणत असले तरी मराठीत ‘बाजूला टाकणे’ पुरेसे आहे.

आता ‘ब्लाइंड’. सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. तीन पत्तीत ‘मी ब्लाइंड आहे’ याचा अर्थ ‘मी अजून माझे पत्ते पाहिलेले नाहीत’ असा होतो. ती खेळाडूने स्वेच्छेने पत्करलेली अवस्था असते आणि पत्ते पाहिलेल्याला, म्हणजे ‘सीन’ असणाऱ्याला, त्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते. होल्डेममध्ये ब्लाइंड ही खेळाडूची अवस्था नसून रक्कम आहे, आणि तीही सक्तीची. वाटणाऱ्याच्या डावीकडील पहिला खेळाडू पत्ते वाटण्यापूर्वीच छोटा ब्लाइंड ठेवतो आणि त्याच्या डावीकडचा मोठा ब्लाइंड ठेवतो. मोठा साधारणतः छोट्याच्या दुप्पट असतो. पत्ते मिळाल्यावर हे दोघेही ते खुशाल पाहू शकतात. तीन पत्तीतील ज्या शब्दाशी याचे खरे नाते आहे तो ‘ब्लाइंड’ नव्हे, तर ‘बूट’. फरक इतकाच की बूट सर्वांनी भरायचा असतो आणि ब्लाइंड केवळ दोघांनी. आपल्या लेखात पहिल्याच उल्लेखाला ‘ब्लाइंड, म्हणजे पत्ते वाटण्यापूर्वी भरायची सक्तीची रक्कम’ असे स्पष्ट लिहावे, अन्यथा तीन पत्ती खेळणारा वाचक संपूर्ण नियम चुकीच्या पायावर वाचत जाईल.

‘वाटणारा’ या शब्दाचीही एक गोम आहे. कसिनोत पत्ते वाटण्याचे काम कर्मचारी करतो, परंतु नियमांपुरता ‘डीलर’ हा खेळाडूंपैकीच एक मानला जातो. त्याच्यापुढे बटन नावाची चकती ठेवतात आणि प्रत्येक डावानंतर ती डावीकडे सरकते. पहिल्या फेरीत मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडचा खेळाडू प्रथम बोलतो, तर फ्लॉपपासून पुढे बटनाच्या डावीकडचा, डावात टिकून असलेला पहिला खेळाडू प्रथम बोलतो. सर्वांत शेवटी बोलणे लाभाचे असल्यामुळे बटन फिरते ठेवलेले आहे.

रक्कम लावण्यासाठी ‘बोली’ हा शब्द मी टाळेन. ब्रिजमधील बोली हा आपण किती हात करू याचा करार असतो. येथे प्रत्यक्ष चिंचोके पुढे सरकवायचे असतात. ‘कॉल’ म्हणजे आधीच्या रकमेची बरोबरी करणे आणि ‘रेज’ म्हणजे ती वाढवणे, हे सोपे आहे. ‘फोल्ड’साठी, म्हणजे डाव सोडून देण्यासाठी, तीन पत्तीतला ‘पॅक’ चपखल बसतो. ‘पाने टाकणे’ मात्र लिहू नये, कारण ज्या खेळांत हात करायचे असतात तेथे पान टाकणे म्हणजे ते खेळणे, सोडून देणे नव्हे. ‘चेक’ला, म्हणजे रक्कम न लावता पाळी पुढे देण्याला, ‘पास’ म्हणणेही धोक्याचे आहे. त्या फेरीत आपल्यापुढे बरोबरी करण्याजोगी कोणतीही रक्कम नसेल तरच चेक करता येतो आणि तसे केल्यानंतरही खेळाडू डावात असतो. ‘पास’ ऐकल्यावर मात्र अनेकांना तो बाहेर पडला असेच वाटते.

राहिला ‘हात’. मराठीत ‘हात करणे’ म्हणजे एका फेरीतील पाने जिंकणे, आणि पोकरमध्ये असे हात नसतातच. इंग्रजीतील त्याच शब्दाने वाटलेले दोन पत्ते, जुळवलेले पाच पत्ते आणि संपूर्ण डाव या तिन्ही गोष्टी सांगितल्या जातात. मी पहिल्यास ‘हातातले पत्ते’, दुसऱ्यास ‘जुळणी’ आणि तिसऱ्यास ‘डाव’ म्हणेन. जुळणी ही नेहमी पाच पत्त्यांचीच असते, सातांची नव्हे, हे उदाहरणाने दाखवावे. समजा, मध्यभागी इस्पिकचा राजा, बदामचा राजा, चौकटची राणी, किलवरची नव्वी आणि इस्पिकची सत्ती उघडली आहे. एकाच्या हातात एक्का व पंजी आहे, दुसऱ्याच्या हातात एक्का व तिर्री. दोघांचीही जुळणी दोन राजे, एक्का, राणी आणि नव्वी अशीच होते. पंजी व तिर्री हिशेबातच येत नाहीत आणि जमलेली रक्कम समान विभागली जाते. ‘माझा एक्का इस्पिकचा आहे’ हा दावाही येथे चालत नाही, कारण होल्डेममध्ये चारही चिन्हे समान दर्जाची आहेत.

दुसरे उत्तर

वरील विवेचनात जुळण्यांचा क्रम राहिला आहे आणि ‘कलर’चा प्रश्न त्याच्याशीच निगडित आहे. होल्डेममध्ये खालून वर हा क्रम असा: सर्वांत मोठा सुटा पत्ता, एक जोडी, दोन जोड्या, एकसारखे तीन, रन (ओळीने येणारे पत्ते), कलर, फुल हाऊस, एकसारखे चार आणि पक्की रन (एकाच चिन्हाची रन). दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या पक्क्या रनला रॉयल फ्लश म्हणतात. तीन पत्तीत रन कलरपेक्षा मोठी असते, येथे कलर रनपेक्षा मोठा. हा लहरीचा भाग नाही. 52 पत्त्यांतून तीन पत्त्यांचे 22,100 संच होतात. त्यांत साध्या रनचे 720 आणि कलरचे 1,096 असतात, म्हणजे रन दुर्मीळ. पाच पत्त्यांचे 25,98,960 संच होतात. त्यांत साध्या रनचे 10,200 आणि कलरचे 5,108, म्हणजे कलर दुर्मीळ. (दुर्मीळतेचा हा न्याय तीन पत्तीनेही पुरता पाळलेला नाही: ट्रेलचे, म्हणजे एकसारख्या तीन पत्त्यांचे, 52 संच होतात आणि पक्क्या रनचे 48, तरीही मान ट्रेललाच आहे.) त्याच ट्रेलची होल्डेममध्ये बरीच घसरण होते, कारण एकसारखे तीन पत्ते येथे साध्या रनच्याही खाली येतात.

तीन पत्तीत एक्का, दुर्री, तिर्री ही रन अनेक घरांत दुसऱ्या क्रमांकाची मानतात. होल्डेममध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतची रन सर्वांत लहान असते, आणि राणी, राजा, एक्का, दुर्री, तिर्री ही तर रनच नव्हे.

‘कलर’ हा शब्द ठेवावा, परंतु त्याची व्याख्या ‘एकाच रंगाचे पत्ते’ अशी करू नये. बदाम आणि चौकट दोन्ही लालच असतात. ‘एकाच चिन्हाचे पाच पत्ते’ असे लिहावे. ‘फुल हाऊस’च्या बाबतीतही हाउझी खेळणारा वाचक संपूर्ण तिकीट भरल्याची कल्पना करील, म्हणून ‘एकसारखे तीन आणि एक जोडी’ हे स्पष्टीकरण आवश्यक आहे.

पहिल्या उत्तराशी माझा मतभेद एकाच ठिकाणी आहे. ‘पॅक’ कितीही चपखल असला तरी शिकणाऱ्याला पुढे अन्य भाषिकांबरोबर बसावे लागेल तेव्हा त्याच्या कानांवर ‘फोल्ड’च पडेल. खेळताना उच्चारायचे शब्द, म्हणजे चेक, कॉल, रेज, फोल्ड, मूळचेच ठेवावेत. समजावून सांगण्यासाठी मात्र सामायिक पत्ते, जुळणी, बरोबरी हे शब्द जरूर वापरावेत.

प्रश्नकर्त्याची पुरवणी

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. ‘सामायिक’ आणि ‘जुळणी’ स्वीकारतो, आणि खेळताना उच्चारायचे शब्द मूळचेच ठेवतो. एक शंका उरते. जुळणीत हातातले दोन्ही पत्ते आलेच पाहिजेत, असा आग्रह आमच्यातील एका खेळाडूने धरला आहे. तो नियम आहे का?

पहिल्या उत्तरकर्त्याचा खुलासा

तो होल्डेमचा नियम नव्हे. येथे हातातले दोन, एक किंवा एकही पत्ता न वापरता जुळणी करता येते. मधले पाचही पत्ते हीच कोणाची सर्वोत्तम जुळणी असेल तर तीही ग्राह्य धरली जाते. आपल्या खेळाडूंच्या मनात बहुधा ओमाहा हा प्रकार असावा. त्यात प्रत्येकाला चार पत्ते मिळतात आणि जुळणीत हातातले नेमके दोन व सामायिक पत्त्यांतले नेमके तीन घ्यावेच लागतात. म्हणून आपल्या नियमांत ‘सातांपैकी कोणतेही पाच’ हे शब्द जसेच्या तसे असावेत.