घरच्यांसाठी घरची भाजी: सुरुवात कशी करावी? (अनुभव धागा)

घरच्यांच्या पोटात ताजी, विषारी फवारणी नसलेली भाजी जावी म्हणून परसात, गच्चीत, खिडकीत भाजी लावणाऱ्यांनी इथे लिहावं. हकीकत नको. प्रमाणं, वेळा, काय बिघडतं आणि का, तेवढंच हवं.

पुणे, गच्ची

पहिल्याच हंगामात टोमॅटो आणि ढोबळी मिरचीच्या मागे लागू नका. मेथी, पालक, माठ, चुका, शेपू लावा. मेथी 25-30 दिवसांत ताटात येते आणि चुकलं तरी पुन्हा पेरता येते. 2 भाग माती, 1 भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, 1 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर 12 इंची पिशवीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोन-तीन पाण्यांनी धुऊनच घ्या. त्यातल्या क्षारांमुळे कोवळ्या पानांच्या कडा करपतात. पालेभाजीला 6-8 इंच खोली पुरते, वांगी-टोमॅटोला 12 ते 15 इंच लागते.

वजनाचा विचार आधी करा. नुसत्या मातीने भरलेली ओली 12 इंची पिशवी 30 किलोच्या घरात जाते. जड कुंड्या तुळईच्या रेषेत, भिंतीलगत ठेवा. खाली विटा द्या, म्हणजे पाणी साचत नाही आणि गळती लगेच दिसते.

ठाणे, खिडकी

ऊन मोजा, मग बी घ्या. फळभाजीला रोज किमान 6 तास ऊन हवं. 3-4 तासांत पालेभाजी होते. त्याहून कमी असेल तर पुदिना, अळू यांवर भर द्या.

कोथिंबीर उगवत नाही अशी तक्रार फार असते. धणे लाटण्याने हलके रगडून दोन दले वेगळी करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा. 8-10 दिवस लागतात. तोवर माती उकरून पाहू नका. मेथी-कोथिंबीर उपटून दुसरीकडे लावायची नाही, जागेवरच पेरायची.

खिडकीतली बहुतेक रोपं पाण्याने मरतात, तहानेने नाही. बोट दोन पेरं आत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कोवळी रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडली तर तो मर रोग आहे; कारण दाट पेरणी आणि सतत ओल.

रत्नागिरी, परस

आमच्याकडे प्रश्न उलटा, पाऊस धो धो. वाफा 8-10 इंच उंच करा, नाहीतर मुळं कुजतात. मृगाच्या आसपास पडवळ, दोडकी, काकडी, कारली टोका. मांडव आधीच उभा असू द्या, वेल सरपटल्यावर तो घालताना शेंडे मोडतात.

काकडी वाकडी होऊन आतून सडते ती फळमाशीने. क्यू ल्यूरचा (फळमाशीच्या नरांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा फुलं येतानाच टांगा. त्यात फक्त नर अडकतात, म्हणून किडकी फळं रोज गोळा करून खोल पुरायलाच हवीत. हे टाळलं तर सापळा वाया गेला समजा. गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी टाका, पहाटे खाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाका.

दुधीची पहिली बरीच फुलं नर असतात, घाबरू नका. मादी फुलामागे इवलासा दुधी दिसतो. फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हाच नर फुलातला पराग तिच्यावर टेकवा.

नागपूर, अंगण

मे महिन्यात पालक-कोथिंबिरीचा हट्ट सोडा, लगेच तुरे येतात. माठ, गवार, चवळी, भेंडी टिकतात. 50 टक्के शेडनेट, मातीवर 2 इंच पालापाचोळा, पाणी सकाळी लवकर.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या झाल्या तर तो केवडा. पांढरी माशी पसरवते, औषध नाही, झाड उपटा. पुढच्या वेळी केवड्याला प्रतिकारक वाण आणि पेरल्यापासूनच पिवळे चिकट सापळे.

नाशिक, गच्ची

मावा, पिठ्या ढेकणासाठी 1 लिटर कोमट पाण्यात आधी 1-2 मिली पातळ साबण, मग 5 मिली निंबोळी तेल. हलवत राहा. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला, दर 7 दिवसांनी. भर उन्हात मारलं तर पानं भाजतात. आधी दोन पानांवर मारून बघावं.

ओल्या कचऱ्याच्या खताला वास येतो कारण ओल जास्त होते. एक भाग ओला, दोन भाग सुका पाला, थोडं आंबट ताक. पांढऱ्या अळ्या दिसल्या तर सुका पाला वाढवा, त्या खत बिघडवत नाहीत.

पुणे, गच्ची

घरात लहान मुलं किंवा आजारी माणूस असेल तर एक गोष्ट ठामपणे पाळा: कच्चं शेण, ताजी स्लरी आणि भांड्यांचं पाणी पालेभाजीला नको. त्यातले जंतू पानांवर राहतात आणि कोथिंबीर आपण कच्चीच खातो. शेणखत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं झालं की मगच वापरा. रसायनांचे जुने पिंप भाजीला घेऊ नका, कितीही धुतले तरी. मुतखडा होणाऱ्याच्या ताटात पालक-चुका कमी ठेवा, ऑक्झलेट जास्त असतं. लोहासाठी माठाच्या भाजीवर लिंबू पिळा, शोषण वाढतं. चहा मात्र तासभर नंतर.