चर्चा: रांगोळीचे नकाशे काढून कृषी सहायकाला गाव कळतं का?

वावरवाला, काटोल
मागच्या पंधरवड्यात गावात रावेची, म्हणजे गावात राहून शेतीचा अनुभव घेण्याच्या कार्यक्रमाची, पोरं आली होती, कृषी पदवीची. मारुतीच्या पारासमोर रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. विहिरी निळ्या, शाळा पिवळी. सरपंच उभे राहिले, फोटो झाला, पोरं बसथांब्यावर. संध्याकाळी गाईंनी नकाशा तुडवला. याला म्हणे ग्रामीण सहभागी मूल्यावलोकन, पीआरए. ग्रामविकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स वगैरे मंडळींनी 1980-90 च्या काळात ही पद्धत मांडली, तेव्हा खडू गावकऱ्याच्या हातात आणि साहेब खाली बसलेला, असं अपेक्षित होतं. आमच्याकडे रांगोळीचा डबाही पोरांच्याच हातात! माझं म्हणणं, नव्या कृषी सहायकाला हे नागपूरच्या हॉलमध्ये स्लाइडवर शिकवूच नका. एका गावात पंधरा दिवस मुक्काम, पायी शिवारफेरी, आणि पास-नापास गावानं ठरवावं.

निवृत्त साहेब, नागपूर
पंधरा दिवस? अहो, एका सहायकाकडे चार-पाच गावं. पंचनामे, पीक कापणी प्रयोग, योजनांचे अर्ज, वरून रोज नवा तक्ता. मी नोकरी केली आहे, हवेत बोलत नाही. शिवाय शेतीशास्त्र हात वर करून ठरत नाही. 2017 ची गुलाबी बोंडअळी आठवा. फरदड (हंगाम सरल्यावरही कपाशी उभी ठेवून उशिरा घेतलेलं पीक, ज्यावर अळी पोसते) ठेवू नका, हंगाम वेळेत संपवा, हे वर्धा रोडवरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगत आली आहे. गावाची बैठक घेतली असती तर फरदडच निवडून आली असती.

पऱ्हाटी
बिनविरोध, साहेब.

कुहीची ताई
साहेब, फरदड निवडून येते हे खरं. पण का येते, हे विचारायलाच ती पद्धत आहे ना! आमच्या गावात बायकांच्या गटासोबत हंगामाची दिनदर्शिका मांडली होती. कागद नाही, जमिनीवर बारा खडे आणि तुरीचे दाणे. ज्या महिन्यात काम जास्त, तिथे दाणे जास्त. वेचणी सरली की पुढचे खडे रिकामे. मग कळलं, कोरडवाहू वावरात कपाशी उपटून दुसरं पेरायला पाणी नाही, आणि उभ्या पऱ्हाटीला बियाण्याचा नवा खर्च नाही. पाच-सात किलो कापूस निघाला तरी हातात पैसा. अशा घरी जाऊन 'फरदड घेऊ नका' एवढंच सांगणारा माणूस शहाणा की अडाणी? कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा सापळा) सलग 3 रात्री 8-8 पतंग आले की फवारणीचा निर्णय घ्या, हे सगळ्यांना पाठ आहे. पण किडकं बोंड सगळ्यात आधी वेचणाऱ्या बाईच्या हाती लागतं, आणि सभेत तिला कोणी बोलावत नाही. सभा सकाळी अकराला! अकराला बाई वावरात असते. सभेला येतात ते पाटील, सरपंच आणि कृषी केंद्रवाला.

निवृत्त साहेब, नागपूर
ताई, वेळेचा मुद्दा मान्य. आम्ही अकराच ठेवायचो, कारण संध्याकाळची बस चुकायची. पण मग शेवटी सल्ला काय दिलात? पाणी नाही हे समजून बोंडअळी मरत नाही.

कुहीची ताई
नाही मरत जी. पण मग बोलणं पाण्यावर आणि हरभऱ्यावर येतं. काहींनी लवकर येणारं कपाशीचं वाण लावून मोकळ्या वावरात हरभरा टाकला, तोही ज्यांच्या विहिरीला पाणी होतं त्यांनीच. बाकीच्यांची फरदड अजूनही उभी आहे, ते मी लपवत नाही.

वावरवाला, काटोल
म्हणजे मुक्काम पाहिजेच. साहेब, पंधरा नाही तर तीन दिवस तरी?

निवृत्त साहेब, नागपूर
तीन दिवस मिळतील. मुक्कामाचा भत्ता मिळेल का, ते विचारा.

पऱ्हाटी
झोपायला आमची ओसरी आहे. जेवण आम्ही देऊ, फक्त त्या दिवशी फोटो नको.