बीकॉम की बीएएफ?

कुणीतरी लिहिलंय की बीकॉम आणि बीएएफ (म्हणजे अकाउंटिंग अँड फायनान्समधलं बीकॉम) एकच, फरक फक्त फीचा. पूर्ण पटलं नाही. मुंबई विद्यापीठाच्या बीएएफला कॉस्टिंग, ऑडिट आणि टॅक्स बऱ्याच खोलात शिकवतात. सीए करायचं असेल तर त्याचा उपयोग होतो. पण हा स्वयं-अर्थसहाय्यित कोर्स, म्हणून फी जास्त. घरची ओढाताण असेल तर अनुदानित कॉलेजचं साधं बीकॉम बिनधास्त घ्या. दोन्हीकडे पदवीला ५५ टक्के मिळाले तर सीएची पहिली परीक्षा, म्हणजे फाउंडेशन, न देता थेट पुढच्या इंटरमिजिएटला नोंदणी होते, हे फार मुलांना माहीतच नसतं.

मॅनेजमेंटकडे जायचं असेल तर नीट चौकशी करा. २०२४ पासून बीएमएस-बीबीए या मॅनेजमेंटच्या पदव्यांना सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, आहे.

आणि हाताने खतावणी (खात्यांची वही) लिहायची सवय सोडू नका, त्याने चुका पटकन सापडतात. आमच्या ऑफिसात तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाकींचा ताळा) २७० रुपयांनी जुळत नव्हती. नवीन आलेली साध्या बीकॉमची मुलगी म्हणाली, "सर, नऊने भाग जातोय, आकडे उलटे पडलेत." शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. खरंच १,३६० चे १,६३० झाले होते. मला तिचं फार कौतुक वाटलं.