बीएस-६ पिकअपचं ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय. जाड ऑइल टाकू का?

गिरणारेचा टोमॅटोवाला

नमस्कार मंडळी. माझी २०२१ ची बीएस-६ डिझेल पिकअप आहे. वावरातून गिरणारे मार्केट, हाच रोजचा रस्ता, जेमतेम पाच-सहा किलोमीटर. खुडा चालू असला की लिलावाच्या रांगेत गाडी तास तास चालूच राहते, कारण सारखं पुढे सरकावं लागतं.

सीझनच्या सुरुवातीला ऑइल बदललं होतं. आता ऑइल मोजायची पट्टी काढून बघतो तर लेव्हल वरच्या खुणेच्या बोटभर वर! ऑइल पाण्यासारखं पातळ वाटतं. अ‍ॅव्हरेज पडलंय. मीटरवर पिवळा दिवा मधूनच लागतो आणि जातो. कधी कधी उभ्या गाडीची रेस आपोआप थोडी वाढते आणि पंखा जोरात फिरतो.

गावातला फिटर म्हणतो इंजिन ढिलं झालंय, २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाक, आणि सायलेन्सरमधला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढून टाक म्हणजे कटकट मिटेल. कोणी अनुभवी माणूस सांगेल का, कोणतं ऑइल टाकू?

घोटीचा ड्रायव्हर

भाऊ, मी भरलेली गाडी रोज कसारा घाटातून काढतो. माझ्या जुन्या गाडीत २०डब्ल्यू-५० टाकल्यापासून इंजिनाचा आवाज कमी झालाय. टाकून बघा.

आडगावचा फिटर

घोटीकर दादा, तुमची गाडी जुनी आहे, तिला डीपीएफ नाही. यांची गोष्ट वेगळी आहे.

टोमॅटोवाले भाऊ, आधी ऑइलचा ब्रँड आणि जाडी बाजूला ठेवा. लेव्हल वाढतेय याचा अर्थ इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये बाहेरून काहीतरी येतंय. काय येतंय ते कळल्याशिवाय कोणतंही ऑइल ओतलं तरी पैसे वाया. आणि वरच्या खुणेच्या वर गेलेली गाडी चालवत राहू नका. क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस करतो, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून, ऑइल हवेच्या लाइनीत जातं, आणि डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागलं तर चावी बंद केली तरी थांबत नाही. असं कधी झालंच तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा.

आत येणाऱ्या गोष्टी दोनच, कुलंट किंवा डिझेल. तिसरी शक्यता म्हणजे बदलतानाच जास्त भरलं गेलं, पण ते त्याच दिवशी पट्टीवर दिसलं असतं.

उद्या सकाळी गाडी सपाट जागेवर, चालू करण्याआधी पट्टी काढा. चहात दूध घातल्यासारखा रंग असेल तर कुलंट. मग कुलंटच्या टाकीची लेव्हलही उतरलेली सापडेल. एक सांगतो, थंडीत कमी पळणाऱ्या गाडीला ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरते, ती नुसती ओल असते. तेवढ्यावरून कोणी हेड खोलायला सांगितलं तर खोलू देऊ नका, पट्टी आणि टाकी बघा.

रंग काळाच असेल तर पट्टी नाकाशी धरा. डिझेलचा वास लगेच ओळखू येतो. शिवाय गरम ऑइलचा एक थेंब जाड पांढऱ्या टिपकागदावर टाका आणि रात्रभर राहू द्या. मधला काळा ठिपका काजळीचा, ती असणारच. त्याच्या बाहेर फिकट, रुंद कडं पसरलं तर डिझेल मिसळलंय. ऑइल नुसतं काळं पडलं म्हणून घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

तुम्ही सांगितलेल्या खुणा सगळ्या डिझेलकडे बोट दाखवतात. डीपीएफ काजळीने भरत आला की गाडी ती जाळायला घेते. त्यासाठी आत साधारण ६०० अंश तापमान लागतं. ते आणायला इंजेक्टर उशिरा, पिस्टन खाली जात असताना जादा डिझेल मारतो. त्यातलं काही बोअरच्या भिंतीला लागून रिंगांवरून चेंबरमध्ये उतरतं. उभ्या गाडीची रेस वाढणं, पंखा जोरात फिरणं, ते हेच. तुम्ही मार्केटला पोचून गाडी बंद केली की जाळणं अर्धवट राहतं, पुढच्या फेरीला पुन्हा सुरू होतं, पुन्हा डिझेल उतरतं. पेट्रोल गरम ऑइलमधून उडून तरी जातं, डिझेल सहज उडत नाही.

पण स्कॅनर लावल्याशिवाय यावर शिक्का मारू नका. इंजेक्टर गळत असेल तरीही हेच होतं. तेव्हा थंड स्टार्टला पांढरा धूर येतो, डोळ्याला झोंबतो, आयडलला गाडी थरथरते. काही इंजिनांत हाय प्रेशर पंपाच्या सीलमधूनही डिझेल आत येतं. चारही इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल, म्हणजे रिटर्न, बाटल्या लावून तपासून घ्या आणि रीजन, म्हणजे डीपीएफमधली काजळी जाळणं, किती वेळा अर्धवट सुटलंय ते स्कॅनरवर बघा.

आता ऑइल. पातळ झालंय ते डिझेलमुळे, म्हणून २०डब्ल्यू-५० हा उपाय नाही. नव्या इंजिनाच्या बारीक वाटांतून ते थंडीत उशिरा चढतं. तुमच्या मॅन्युअलात जो ग्रेड लिहिलाय तोच घ्या, ५डब्ल्यू-३० असो की १५डब्ल्यू-४०. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहण्याचा, नंतरचा १०० अंशांवरच्या जाडीचा. त्याहून महत्त्वाचं, डब्याच्या मागे बघा: मॅन्युअलप्रमाणे एसीईए सी२, सी३ किंवा एपीआय सीके-४ हा दर्जा लिहिलेला हवा. ही कमी राखेची ऑइलं आहेत. काजळी जळते, पण ऑइलमधल्या कॅल्शियम-झिंकची राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये बसते ती बसतेच. सी२-सी३ मध्ये राखेची मर्यादा ०.८ टक्के, सीके-४ मध्ये १ टक्का. स्वस्त मिळतं म्हणून जुन्या दर्जाचं सीआय-४ प्लस टाकलंत तर आज काही दिसणार नाही, पण डीपीएफचं आयुष्य घटेल.

आणि डीपीएफ काढू नका. गाडीत असा बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. शिवाय त्या गाडीमागे रांगेत उभी असलेली माणसं आपलीच आहेत, ती काजळी त्यांच्या छातीत जाते.

वणीचा जीपवाला

मध्येच विचारतो, माझी बीएस-३ जीप सप्तशृंगी गडाच्या घाटातून उतरून खाली ॲक्सिलेटर दिला की निळा धूर सोडते, नंतर साफ. रिंगा गेल्या का?

आडगावचा फिटर

नाही जीपवाले भाऊ, रिंगा गेल्या असत्या तर लोडवर सतत निळा धूर आला असता आणि ब्रीदरमधून वाफ जोरात मारली असती. उतारावर ॲक्सिलेटर सोडल्यावर ऑइल व्हॉल्व्ह गाइडवरून आत ओढलं जातं आणि पाय दिला की जळतं. व्हॉल्व्ह सील बघा. टर्बो असेल तर इंटरकूलरचा होज काढून आत बोट फिरवा, हलका तेलकटपणा चालतो, थारोळं नाही. बोअर-पिस्टनचा खर्च आताच करू नका. तुमच्या गाडीला सीआय-४ प्लसचं १५डब्ल्यू-४० पुरेसं आहे.

गिरणारेचा टोमॅटोवाला

भाऊ, तुम्ही सांगितलं तसंच केलं. पट्टीला डिझेलचा वास स्पष्ट येतोय, कागदावर मोठं फिकट कडं आलं. कुलंट जागेवर आहे. स्कॅनरवर अर्धवट सुटलेल्या रीजनची रांगच निघाली. इंजेक्टरचं रिटर्न चारही सारखं. आता पुढे?

आडगावचा फिटर

मग इंजेक्टरवरचा संशय कमी झाला, चांगलं झालं. ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही आजच बदला, तोवर गाडी हलवू नका. त्यानंतर आठवड्यातून एक खेप गिरणारेऐवजी पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला करा, टोमॅटोला तिथेही लिलाव असतो. आडगाव सोडल्यावर ओझरकडून हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एकाच वेगात, इंजिन २००० च्या आसपास ठेवून चालवा. जाळणं पूर्ण होईल. पंखा जोरात असेल तर पोचल्यावर लगेच चावी फिरवू नका, आणि गाडी वाळल्या चाऱ्यावर किंवा पाचटावर उभी करू नका, सायलेन्सर त्या वेळी भयंकर तापलेला असतो. पट्टी दर आठवड्याला बघा. पुन्हा वरच्या खुणेला टेकली तर ठरलेल्या किलोमीटरची वाट न पाहता ऑइल बदला.

मात्र हायवेला नेण्याआधी एक काम. काढलेला जुना फिल्टर फेकू नका. आडवा कापून आतला कागद उन्हात उलगडून बघा. पातळ ऑइलवर बेअरिंग घासलं असेल तर कागदाच्या घड्यांत चंदेरी कण चमकतात. तसे दिसले तर गाडी उभीच ठेवा आणि चेंबर उतरवून बेअरिंग बघून घ्या. कागद नुसता काळा निघाला तर बिनधास्त पिंपळगाव गाठा.